धक्का

आज सकाळी धरमपेठेत बाबांची छोटी गाडी ढकलता ढकलता तिघांचा दम निघाला. वजन जेमतेम साडेसातशे किलो. गेल्याच आठवड्यात शेजारच्या काकांची सोळाशे किलोची एसयूव्ही आम्ही दोघांनी सहज गेटच्या आत नेली होती. मग हिलाच काय झालं?

सपाट डांबरी रस्त्यावर, टायरात हवा नीट असली तर गाडी हलती ठेवायला तिच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो. म्हणजे हिला आठ ते अकरा किलो! पहिला झटका थोडा जास्त, इतकंच.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीभाऊंनी आधी हवा पाहिली. ३२ पीएसआय हवी, होती १४. बसलेला टायर फिरताना दर फेरीला चेपतो, फुगतो आणि आपला जोर रबर तापवण्यात जातो. पण हवा भरूनही गाडी जडच. मग पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. "फिरवून पाहा बरं, भाऊ," ते मला म्हणाले. दोन्ही हातांनी जेमतेम पाव फेरी, खर्रर्र आवाज. म्हणजे ब्रेक अडकलेला! कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीला पॅडने आवळणारा भाग; त्यातला पिस्टन पॅड दाबतो. ब्रेकचं पायडल सोडल्यावर कॅलिपरमधलं रबरी सील पिस्टनला केसभर मागे ओढतं, तेव्हा पॅड सुटतात. मागे पावसात महिनाभर उभ्या राहिलेल्या या गाडीत पिस्टन गंजून अडकला होता. उजवं चाक मात्र बोटाने फिरत होतं.

बाबा परवाच म्हणत होते, "गाडी ओढत नाही रे." मी लक्षच दिलं नाही, याचं फार वाईट वाटतंय. आज ते पूर्ण वेळ चाकाशेजारी उकिडवे बसून होते.