देवाची कोंड

मे महिना होता. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात गोड्या पाण्यातल्या माशांची नोंद करायला गेले होते. त्या दिवसांत म्हादई नदीचे ओहोळ आटतात. पाणी उरतं ते कोंडींत, म्हणजे पात्रातल्या खोल डोहांत, आणि वाचलेले सगळे मासे तिथेच येऊन राहतात. जूनमध्ये चढणीला लागून, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर जाऊन, शेता-ओहोळांत अंडी घालणारे ते हेच.

जाळं उलगडत होते, तेवढ्यात गावकर काका उतरून आले. परवानगीचं पत्र मी पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"बाये, कागद सरकाराचो. कोंड देवाची."

या कोंडीत गळ नाही, जाळं नाही. चपलासुद्धा वरच काढायच्या. जाळं गुंडाळून मी काठावर बसले. काकांनी मूठभर भात टाकला आणि तळाकडून खडस मासे वर आले. हातभर लांब, खवल्यांना सोनेरी झाक, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. इतक्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून असेच मासे राखले आहेत, हे काकांना सांगितलं. "आसतले," एवढंच म्हणाले.

दुपारी खालच्या अंगाला गेलो. ती कोंड राखणीची नव्हती. वळणावरच ब्लीचिंग पावडरचा वास नाकात गेला. मासे पोट वर करून तरंगत होते. एक मळ्या उचलला, तर कल्ले पांढरे पडलेले आणि पोट अंड्यांनी टच्च. आणखी महिनाभर जगला असता तर ती अंडी ओहोळात पडली असती. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारायला १८९७च्या कायद्यानेच बंदी आहे. पण त्या दगडावर मासा हातात धरून उभी असताना तो कायदा मला फार लांबचा वाटला. मी रडले, हे लपवत नाही.

संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. नारळ-विडा ठेवून काकांनी गाऱ्हाणं घातलं. ज्याच्या हातून चूक घडली त्याने ती पदरात घ्यावी, देवाने लेकराला सांभाळावं. नाव कुणाचंच घेतलं नाही. बराच वेळ कुणी हललं नाही. मग मागून एक विशीतला मुलगा पुढे आला आणि त्याने नारळावर हात ठेवला. त्याची आई तोंडाला पदर लावून खाली बसली.

पैशांचा दंड झाला नाही. चढणीचे मासे वर जाऊन परत फिरेपर्यंत रोज रात्री कोंडीची राखण त्याने करायची, असं ठरलं.

माझ्या तक्त्यात त्या कोंडीपुढचा पकडलेल्या माशांचा रकाना मी कोराच ठेवला. शेऱ्यात लिहिलं: काठावरून पाहिले, खडस, मोठे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. रात्री पाऊस कोसळत होता. मुलगा इरलं घेऊन दगडावर बसला होता. बॅटरी पाण्यावर मारायची नाही, मासे बुजतात, असं त्यानेच मला बजावलं.