शनीवरून आलेला माणूस

तुम्ही विचारलंत म्हणून. अमेरिकन जॅझ संगीतकार सन राची रेकॉर्ड लावली की कुणीतरी हटकून विचारतं: अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी एवढं सोसलं, आणि हा गडी त्याबद्दल बोलायचं सोडून चमचमते झगे घालून शनी ग्रहाच्या बाता मारतो. हा पळपुटेपणा नाही का?

सन रा, म्हणजे मूळचा हर्मन ब्लाउंट, 1914 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅमला जन्मला. बाकावर कुणी कुठं बसायचं हेसुद्धा तिथं कातडीच्या रंगावर ठरायचं. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात जायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगही पाहिला. 1952 साली शिकागोत त्याने कायदेशीरपणे नाव बदललं, इजिप्तच्या सूर्यदेवाचं घेतलं. ज्यांच्या खापरपणज्यांची नोंद मालकाच्या मालमत्तेत झालेली, त्यांनी वंशावळ शोधायची तरी कुठे? त्यापेक्षा शनी बरा, तिथे कुणी कागद मागत नाही.

‘स्पेस इज द प्लेस’ या 1974च्या चित्रपटात ऑकलंडमधली काळी तरुण मुलं त्याला असाच प्रश्न विचारतात: तू खरा कशावरून? (हे तेच ऑकलंड, जिथे 1966 साली ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला, त्याच्यावरूनच 1972 साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं.) तो शांतपणे म्हणतो, मी खरा नाहीच, तुमच्यासारखाच. तुम्ही या समाजात खरे असता तर समान हक्क मागत फिरला नसता. यात पळ काढणं कुठे आहे, ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

काळ्यांचा इतिहास आणि भविष्याच्या, अंतराळाच्या कल्पना एकत्र गुंफणाऱ्या या सगळ्याला ‘आफ्रोफ्युचरिझम’ हे नाव 1990च्या दशकात मिळालं. डेट्रॉइटच्या ड्रेक्सिया या टेक्नो (इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत) करणाऱ्या जोडीने तर गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर बायकांची मुलं पाण्याखाली श्वास घ्यायला शिकली आणि त्यांनी तिथे राज्य वसवलं, अशी कथाच रचली. ती वाचल्यावर नुसते बीट्ससुद्धा वेगळे ऐकू येतात.

सन राचं सगळंच गोड नाही. काही ठिकाणी सिंथेसायझर डोकं उठवतो. सुरुवात 1978च्या ‘लँक्विडिटी’ या अल्बमपासून करा. तो 1993 साली गेला, पण त्याचा वाद्यवृंद चालूच राहिला. त्याची धुरा वाहणाऱ्या सॅक्सोफोनवादक मार्शल ॲलन यांनी शंभरी गाठल्यावर, 2025 साली, स्वतःच्या नावाने पहिला अल्बम काढला. लगे हाथ तोही ऐका.