रीपरच्या कोपऱ्यातला आकडा आणि कानाला लागणारा आकडा

मागच्या नोंदीत अँप सिम (गिटारच्या अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आणि कॅबिनेटचे आयआर (स्पीकरच्या आवाजाचे ठसे) बसवून झाले होते. आता गिटारचे ट्रॅक घ्यायला बसलो, तर तिथेच घोडं पेंड खायला लागलं. तार छेडली की हेडफोनमधला आवाज मागून येतोय. कॉर्ड धरून नुसतं सोडून दिलं तर खपून जातं, पण पाम-म्यूटची (तळहाताने तारा अर्धवट दाबून वाजवायची) जलद चाल सुरू केली की उजवा हात आपोआप मंदावतो. कान मागच्या स्ट्रोकची वाट बघतो, हात कानाची वाट बघतो, आणि चार बारमध्ये आपण क्लिकच्या, म्हणजे तालाच्या टिकटिकीच्या, मागे.

सेटअप तोच: विंडोजचा जुना आय-फाइव्ह लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), कान झाकणारे वायरवाले हेडफोन. प्रोजेक्ट मात्र माझा नाही. नाशिकरोडच्या मित्राने त्याच्याकडे ड्रम्स घेतले, जवळपास पूर्ण मिक्स केले आणि अख्खं फोल्डर पाठवून दिलं. त्यावर मी इकडे इंदिरानगरला घरी बसून गिटार चढवायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

रीपरमध्ये वर उजव्या कोपऱ्यात लेटन्सी, म्हणजे आवाजाचा उशीर, दिसते. तिथे होतं 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 48000 नमुने, म्हणजे सॅम्पल), 256 सॅम्पलचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा), आणि जायचे-यायचे मिळून साधारण 13.6 मिलिसेकंद. हिशोब जुळतो. 256 भागिले 48000 म्हणजे 5.3 मिलिसेकंद, आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असे 10.7. उरलेले तीन-एक मिलिसेकंद कन्व्हर्टर आणि यूएसबी ड्रायव्हर राखून ठेवतात ते. ड्रायव्हर इंटरफेसचा स्वतःचा असिओच (आवाज थेट पोचवणाऱ्या जातीचा) आहे, त्यामुळे विंडोजच्या नेहमीच्या मिक्सरमधून फिरून येण्याचा प्रश्न नाही. (ज्यांच्या इंटरफेसला स्वतःचा असिओ ड्रायव्हर नाही, त्यांनी असिओफॉरऑल वापरावा, पण त्याचा बफर सुरुवातीला 512 वर असतो हे बघून घ्या. तो खरा ड्रायव्हर नाही, विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला कोट आहे. चांगला कोट आहे, पण कोटच.)

आता 13.6 मिलिसेकंद म्हणजे किती? आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे मीटरभराला जवळपास 3 मिलिसेकंद. स्टेजवर अँपपासून साडेचार मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. तेवढं तर कोणीही वाजवतं. माझा हात सांगत होता तो उशीर असा नव्हता.

मित्राला फोन लावला. तो गणपतीत पथकात ताशा वाजवतो.

"अरे, तुला मागच्या रांगेतला ढोल ऐकू येतोय," तो म्हणाला. "वाकडी बारवेपासून मिरवणूक निघाली की मागच्या रांगा केवढ्या लांब असतात. त्यांचा ठोका आमच्यापर्यंत येईस्तोवर आमचा पुढचा पडलेला असतो. कानावर गेलास तर मेलास. हात बघून वाजवायचं."

"इथे बघायला हात कोणाचा? माझाच आहे."

"मग मोज की. चौदावर कोणी एवढं रडत नाही."

गंमत म्हणजे त्याने दिलेला दाखला आकड्यातही बसतो. 17 मीटर मागे असलेला ढोल 50 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मला हातात जाणवत होतं ते त्याहूनही जास्त होतं.

मोजायची रीत सविस्तर लिहितो, कारण यात सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायची गरज पडत नाही. गिटार मांडीवर, डाव्या हाताने सगळ्या तारा दाबून मुक्या केलेल्या. हेडफोन डोक्यावरून काढून त्याचा एक कप ब्रिजजवळ तारांना जवळजवळ टेकवून ठेवला. फोन मधोमध, माइकचं टोक तारांकडे. रेकॉर्डिंग सुरू करून जाड पिकने मुक्या तारांवर कडक टोला. मग दुसरा, तिसरा, मध्ये भरपूर जागा सोडून. फाइल लॅपटॉपवर घेऊन रीपरच्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये टाकली आणि वेव्हफॉर्म ताणून मोठा केला. प्रत्येक टोल्याला दोन शिखरं दिसतात. पहिलं बारीक आणि टोकदार, ते पिक लाकडी आवाजात तारेवर आपटल्याचं. दुसरं जाड आणि शेपूट असलेलं, ते हेडफोनमधून आलेल्या अँप सिमचं. दोन्हींच्या सुरुवातीमधलं अंतर सिलेक्ट केलं की मिलिसेकंद समोर. फोनच्या साध्या रेकॉर्डरमध्ये नॉइज रिडक्शन असेल तर बंद करा, नाहीतर पहिला टक तो गिळून टाकतो. माझ्या फोनमध्ये गिळत होता, म्हणून वेव्ह फाइल देणारं दुसरं अॅप घेतलं.

उत्तर आलं साधारण 106 मिलिसेकंद.

कोपऱ्यात 13.6 आणि कानाला 106. तोच टोला नव्या रिकाम्या प्रोजेक्टमध्ये, फक्त गिटारचा ट्रॅक आणि तेच अँप सिम घेऊन मोजला, तर 15.6. म्हणजे इंटरफेस, ड्रायव्हर, लॅपटॉप, अँप सिम सगळे निर्दोष सुटले. नव्वदेक मिलिसेकंद प्रोजेक्टच्या पोटात आहेत.

मग शोधणं सोपं. रीपरचा परफॉर्मन्स मीटर उघडला की प्रत्येक ट्रॅकचा पीडीसी, म्हणजे प्लगइनमुळे येणारा आणि रीपरने भरून काढलेला उशीर दिसतो. मास्टर ट्रॅकवर (सगळे ट्रॅक एकत्र होऊन बाहेर पडतात तिथे) मित्राने मास्टरिंगची तयारी करून ठेवली होती: एक लिनिअर-फेज इक्वलायझर, त्यामागे लूकअहेड लिमिटर. इक्वलायझर 4096 सॅम्पल घेत होता. 48 किलोहर्ट्झला ते 85.3 मिलिसेकंद. लिमिटर पाचेक मिलिसेकंद. 15.6 अधिक 85.3 अधिक पाच, झाले जवळपास 106.

यात मित्राचं काही चुकलं नाही. मिक्स करताना या प्लगइनचा उशीर कोणालाच कळत नाही, कारण सगळे ट्रॅक सारखेच मागे सरकतात. लिनिअर-फेज इक्वलायझरला फेज न हलवता काम करायचं असतं, त्यासाठी त्याला येणारा आवाज आधी साठवावा लागतो. लिमिटरला पुढचं शिखर आधी दिसायला हवं असतं, म्हणून तोही थांबतो. पुढचं बघायचं तर आत्ताचं रोखून धरावं लागणारच. पण लाइव्ह गिटार त्याच मास्टरमधून जाते, तेव्हा तीही त्यांच्यासोबत रांगेत उभी राहते. कोपऱ्यातला आकडा फक्त ड्रायव्हरचा आहे. तो प्लगइनबद्दल अवाक्षर काढत नाही.

उपाय: मास्टरवरचे दोन्ही प्लगइन ऑफलाइन. नुसत्या बायपासने उशीर जाईलच याची खात्री नाही, ऑफलाइन केला की प्लगइन मेमरीतूनच उतरतो. ड्रम बसवरही (सगळे ड्रम्स एकत्र होतात त्या ट्रॅकवर) एक मल्टिबँड लिनिअर-फेजवर होता, त्याची सोय म्हणून ड्रम्सचा स्टिरिओ रेंडर (एकच तयार फाइल) काढला आणि सगळे मूळ ट्रॅक बंद करून ठेवले. सीपीयूही मोकळा झाला. पुन्हा टोला मारला, 15.6.

इथे थांबता आलं असतं. वाजवता येत होतं. पण 106 वरून 15 वर आल्यावर माणसाची हाव वाढते.

बफर 128 केला, 10.3. बफर 64 केला, 7.6. सातवर गिटार अंगाला चिकटल्यासारखी लागते, खरंच. पण 64 वर दर थोड्या वेळाने कट्-कट् सुरू. सीपीयू तर तीस टक्क्यांच्याही खाली. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं आणि त्याने एनडीआयएस डॉट एसवायएस हे नाव वर काढून दाखवलं, म्हणजे नेटवर्कचा मामला. वायफाय बंद केलं, कट्-कट् बहुतेक गेली. सीपीयू किती टक्के मोकळा आहे याला अशा वेळी फारसा अर्थ नसतो. एखादा ड्रायव्हर मध्येच दीड मिलिसेकंद अडवून बसला तरी 64 सॅम्पलचा बफर रिकामा पडतो, कारण तो बफरच 1.3 मिलिसेकंदांचा आहे.

मग लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि 128 वरसुद्धा फुटायला लागला, कारण बॅटरीवर विंडोज प्रोसेसरचा वेग खाली आणतं. पॉवर प्लॅनमध्ये बॅटरीसाठीही हाय परफॉर्मन्स ठेवला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, सुरळीत. या भानगडीत एक फुकटचा फायदा कळला: चार्जर निघाल्यावर हाय-गेनमध्ये येणारी घूं-घूं निम्म्याहून कमी झाली. म्हणजे ती पिकअपची नव्हतीच, चार्जरमधून येत होती. त्याची वेगळी नोंद करतो.

अँप सिमचंही थोडं. मी न्यूरल अँप मॉडेलर वापरतो, फुकट आणि ओपन सोर्स. ट्रॅक घेताना त्याचं स्टँडर्ड मॉडेल न लावता त्याच अँपचं फेदर मॉडेल लावलं, प्रोसेसरवरचा भार बराच उतरतो. रेकॉर्ड कोरी गिटार होते, त्यामुळे मिक्सच्या वेळी पुन्हा स्टँडर्ड लावता येतं. दोन्हींतला फरक ड्रम्स वाजत असताना मला तरी ओळखता आला नाही.

अनेक जण सांगतात तो सोपा मार्ग, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे लॅपटॉपमध्ये न जाता इंटरफेसमधूनच थेट कानात येणारा आवाज. उशीर नाहीच. पण डिस्टॉर्शनच्या गिटारला तो निरुपयोगी आहे, कारण कानात येते ती कोरडी, टुकटुक वाजणारी तार. गेनवर हात कसा थांबवायचा, पिक हार्मोनिक कुठे फुटतो, हे कोरड्या आवाजात समजत नाही. आणि ते बटण चालू ठेवून सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंगही चालू असेल, तर दहा मिलिसेकंदांच्या अंतराने दोन गिटारी एकमेकींवर पडतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. दोघांतलं एकच ठेवा. क्लीन किंवा अकूस्टिक घेत असाल तर मात्र डायरेक्ट मॉनिटरसारखं सुख नाही. ब्लूटूथ हेडफोनचा विषयच नको, तिथे शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात आणि बफर कितीही कमी केला तरी ते हलत नाहीत.

एक धागा उरला होता. रिकाम्या प्रोजेक्टमध्येही कोपरा 13.6 म्हणत होता आणि फोन 15.6. हे दोन मिलिसेकंद ड्रायव्हर सांगतच नाही. ऐकताना याने बिघडत नाही, पण रेकॉर्ड झालेला टेक रीपर याच आकड्याच्या भरवशावर मागे ओढून जागेवर ठेवतो. म्हणून एमजी रोडवरून मोठ्या जॅकची छोटी वायर आणली, इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच लाइन इनपुटला जोडलं (हेडफोन काढून, इनपुट मॉनिटरिंग बंद करून, नाहीतर शिट्टी बसते) आणि क्लिकचा ट्रॅक पुन्हा रेकॉर्ड केला. नवा क्लिक मूळ क्लिकच्या 94 सॅम्पल मागे पडला. रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ड्रायव्हरने सांगितलेल्या लेटन्सीखाली हाताने ऑफसेट भरायची जागा आहे, तिथे 94 टाकले. पुन्हा रेकॉर्ड केलं, दोन्ही क्लिक एकावर एक.

सध्या काम 128 वर चाललंय, वायफाय बंद, मास्टर मोकळा, 10.3 मिलिसेकंद. ऱ्हिदमच्या दोन्ही बाजू घेऊन झाल्या आणि पाम-म्यूटचा भाग क्लिकवर बसला. 64 वर अजून अधूनमधून एखादी कट् येते. लेटन्सीमॉनमध्ये आता ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं नाव वर दिसतंय, त्याची जुनी आवृत्ती टाकून बघणार. बास घ्यायच्या आधी फोन आणि पिक घेऊन पुन्हा एकदा मोजेन, कारण मित्राने ड्रम्सचा नवा मिक्स पाठवलाय आणि मास्टरवर आता तीन प्लगइन आहेत.