आमची वाटचाल: पॅच मूळ प्रकल्पात गेला, की काम पूर्ण

नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची दुरुस्ती, हा आमच्या छोट्या कंपनीचा व्यवसाय. झॅबिक्स, नागिऑस, कॅक्टाय, ओपनएनएमएस, लिब्रेएनएमएस ही सॉफ्टवेअर बसवून देणारी माणसं सहज मिळतात. पण चालता चालता ते चुकीचं सांगायला लागलं, तर कोड उघडून कारण शोधणारी माणसं कमी. नेटवर्क सांभाळण्याच्या नोकरीत आम्हा दोघा भागीदारांना ही उणीव सतत जाणवत होती. नोकरी सोडली ती हेच काम करायचं ठरवून.

पहिलं काम कोडची एक ओळही न लिहिता संपलं, पण नव्या सहकाऱ्यांना आम्ही आजही त्याच्यापासून शिकवायला सुरुवात करतो. एका ग्राहकाची गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिट नेणारी) लिंक ग्राफवर कधीच ११५ मेगाबिटच्या वर जात नव्हती, आणि वापरणारे मात्र लिंक तुंबल्याची तक्रार करत होते. उपकरणातला, आलेले-गेलेले बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा असतो. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. गिगाबिट लिंक पूर्ण भरून वाहत असेल तर याला साधारण ३४ सेकंद पुरतात, आणि पोलिंग, म्हणजे उपकरणाला आकडे विचारणं, होत होतं पाच मिनिटांनी एकदा. मधल्या वेळात काउंटरच्या आठ फेऱ्या झाल्या तरी सॉफ्टवेअरला फार तर एक कळते. एका फेरीचे बाइट ३०० सेकंदांत विभागले की ११४.५ मेगाबिट येतात. उपकरणात ६४ बिटांचे काउंटर होते, पण पोलिंग एसएनएमपीच्या (उपकरणांकडून माहिती घेण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीने चाललं होतं आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर वाहून नेण्याची सोयच नाही. आवृत्ती २सी केली, आणि ग्राफ खरे आकडे दाखवू लागला.

पुढे पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, लिहिण्याची कामं येऊ लागली. एका ठिकाणी बरेच स्विच एकाच दिवशी ‘रीबूट झाले’ असे अलर्ट आले. कोणीही काही बंद केलेलं नव्हतं. उपकरण किती वेळ चालू आहे हे सांगणारा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजला जातो. तोही ३२ बिटांचाच, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. सगळे स्विच एकदमच बसवले होते, म्हणून सगळे एकदमच ‘रीबूट’ झाले. एसएनएमपी इंजिनाची, म्हणजे उपकरणातल्या एसएनएमपी सांभाळणाऱ्या भागाची, वेळ पूर्ण सेकंदांत मोजली जाते आणि बऱ्याच उपकरणांवर ती वाचता येते. ती वाढतच असेल तर रीबूटचा अलर्ट देऊ नये, एवढाच तो पॅच.

ज्या कामाने आमची पद्धत ठरली ते दिसायला याहूनही किरकोळ होतं. एका उपकरणावर नवे इंटरफेस (नेटवर्कच्या जोडण्या) जोडले तरी यादीत दिसत नव्हते. लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींमध्ये, पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची तक्रार होती: मजकुरात शून्य बाइट (किंमतच शून्य असलेला बाइट) आला आहे. पोस्टग्रेएसक्यूएल मजकुराच्या रकान्यात शून्य बाइट घेत नाही. टीसीपीडम्प या साधनाने नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं पकडून एकेक बाइट पाहिला, तेव्हा दिसलं की उपकरण इंटरफेसचं वर्णन ठरावीक लांबीचं पाठवतं आणि उरलेली जागा शून्यांनी भरतं. संपूर्ण उपकरणाची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं जमेल, नाहीतर काहीच नाही, अशा व्यवहारात) होत असल्याने एका वर्णनापायी सगळे इंटरफेस परत फिरत होते.

शेवटची शून्यं कापायला दोन ओळी पुरतात. त्या लिहायच्या कुठे, यावर मात्र आमच्यात बराच वाद झाला. एसएनएमपीचं उत्तर वाचतो तिथेच कापलं तर सगळीकडचं काम एका जागी होतं, पण मॅक ॲड्रेस (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) सुद्धा त्याच प्रकारात येतो, आणि त्याच्या शेवटी शून्य बाइट असणं अगदी रास्त आहे. तिथे कात्री लावली असती तर ॲड्रेसच तुटले असते. म्हणून आम्ही ती फक्त मजकुराच्या रकान्यांपुरती ठेवली, सोबत चाचणी लिहिली आणि पॅच मूळ प्रकल्पाकडे, म्हणजे ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे, पाठवला. तिथल्या सांभाळकर्त्यांनी शून्य मधोमध आलं तर काय, याचीही चाचणी मागितली. ती जोडल्यावर पॅच स्वीकारला गेला. आमच्या ग्राहकासाठी लिहिलेल्या दोन ओळी आता तसलं उपकरण वापरणाऱ्या प्रत्येकाला मिळतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तेव्हापासून करारातच लिहितो की पॅच मूळ प्रकल्पाला त्याच्याच परवान्याखाली दिला जाईल. यात परोपकार आहेच, पण ग्राहकाचा रोकडा फायदाही आहे. फक्त आपल्यापुरता ठेवलेला पॅच प्रत्येक नव्या आवृत्तीवर पुन्हा लावावा लागतो. मूळ कोड सरकला की तो बसत नाही, आणि मग माणसं अपग्रेडच टाळायला लागतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या, अनेक सॉफ्टवेअर नोंदी ठेवायला वापरतात त्या लायब्ररीतला दोष जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, पुन्हा डिसेंबरमध्येच, कॅक्टायमधला दोष पुढे आला: विनंती पाठवणारा स्वतः लिहू शकतो अशा हेडरवर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीवर) विश्वास ठेवल्याने, लॉगिन न करताही सर्व्हरवर कमांड चालवता येत होती. १.२.२३ या आवृत्तीत त्याची दुरुस्ती आली. अशा वेळी शुद्ध आवृत्तीवर असलेले ग्राहक लगेच अपग्रेड झाले. वर्षानुवर्षांचे स्थानिक बदल घेऊन आमच्याकडे आलेल्यांचा गुंता मात्र आधी सोडवावा लागला, आणि तोवर सर्व्हर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवावा लागला.

ग्राहकांची एक शंका रास्त असते: आमची माहिती बाहेर जाईल का? एसएनएमपी २सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे व्यवहारात पासवर्डच, उघड्यावर प्रवास करते. पकडलेल्या पॅकेटांची फाइल जशीच्या तशी कुठेही चिकटवणं म्हणजे किल्ली वाटणं. त्यामुळे पत्ते, नावं आणि कम्युनिटी बदलल्याशिवाय आमच्याकडून एकही फाइल बाहेर जात नाही. शक्य तिथे आम्ही फाइल पाठवतच नाही, तोच दोष दाखवणारी छोटी चाचणी लिहून पाठवतो.

आता आम्ही सहा जण आहोत. सगळ्यांवर एक नियम बंधनकारक आहे: पुरावा गोळा केल्याशिवाय रीस्टार्ट नाही. अडकलेला प्रोग्राम कशात अडकला हे त्याच क्षणी त्याच्या थ्रेड डम्पमध्ये (प्रोग्रामचा प्रत्येक भाग त्या क्षणी काय करतोय, त्याच्या नोंदीत) दिसतं, आणि रीस्टार्ट केला की ते कायमचं जातं. घाईत असलेल्या ग्राहकाला ही दोन मिनिटं मागायला धीर लागतो. पण ती मिळाली नाहीत तर तोच बिघाड पुढच्या आठवड्यात पुन्हा समोर उभा राहतो.

सध्या हातात एसएनएमपी ३ चं काम आहे. एकाच इमेजवरून तयार केलेल्या दोन उपकरणांचा इंजिन आयडी (एसएनएमपी इंजिनाची ओळख, जी प्रत्येकाची वेगळी असायला हवी) सारखाच निघाला. दोघांच्या वेळा वेगळ्या, आणि दीडशे सेकंदांहून जास्त फरक पडला की उत्तर ‘वेळेबाहेरचं’ ठरतं. त्यामुळे कधी एक उपकरण बंद दिसतं, कधी दुसरं. आयडी बदलायचा तो उपकरणांवरच. पण कारण शोधताना पुढच्या माणसाचे दिवस जाऊ नयेत, म्हणून दोन्ही पत्ते सांगणारा इशारा लॉगमध्ये यावा असा पॅच आम्ही लिहिला आहे. मूळ प्रकल्पात त्याची तपासणी सुरू आहे.