काळ्या माश्या मोजताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय मिळाला तेव्हा मनात म्हटलं, माश्याच तर मोजायच्यात. साध्या फळमाश्या निम्म्या, काळ्या अंगाच्या 'एबनी' निम्म्या, एकत्र सोडायच्या आणि एबनी ॲलीलची (जनुकाच्या त्या रूपाची) वारंवारता, म्हणजे सगळ्या प्रतींतला त्याचा वाटा, 0.50 वरून हलते का, ते दर पिढीला बघायचं.

रवा, गूळ, आगर शिजवून बाटल्या भरल्या. लॅबला शिऱ्याचा वास. 25 अंशांना साधारण दहा दिवसांत नवी पिढी. पहिली बॅच मे महिन्यात बीओडी (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) बंद पडला तेव्हा गेली. पारा तिशीपार चढला की नर वांझ होतात, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या बॅचमध्ये 200 पैकी 32 काळ्या निघाल्या. एबनी अप्रभावी, दोन्ही प्रती एबनी असतील तरच माशी काळी, म्हणून 0.16 चं वर्गमूळ काढलं: 0.40. त्यावरून हार्डी-वाइनबर्गचे, म्हणजे ॲलीलची वारंवारता पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही असं धरून निघणारे, अपेक्षित आकडे मांडले, तर मोजणीशी तंतोतंत जुळले! मी खूश. मॅडम म्हणाल्या, "अगं, जुळणारच. 32 वरून निघालीस आणि फिरून 32 वरच आलीस."

वर्गमूळ चालतं ते समष्टी (माश्यांचा सगळा समूह) त्या समतोलात असेल तरच. म्हणजे उत्क्रांती नाही असं धरून मी उत्क्रांती शोधत होते.

मग खरं काम सुरू झालं. साध्या दिसणाऱ्या 40 नरांना वेगवेगळ्या नळ्यांत एबनी कुमारी माद्यांबरोबर ठेवलं. कुमारी हव्यात म्हणून कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत वेचायच्या. पहाटे सहाला लॅब. (माश्या बेशुद्ध करायचं ईथर जास्त झालं की पंख उभे राहतात, ती माशी गेली समजायची.) ज्या नळीत काळी पिल्लं निघाली, तो नर विषमयुग्मी, म्हणजे एक प्रत साधी, एक एबनी. असे 27 निघाले. हिशेब केला तर वारंवारता 0.44 च्या आसपास. वर्गमूळाने कमी दाखवली होती, बहुधा काळ्या माश्या मोजणीआधीच जास्त मरत असाव्यात म्हणून.

पण एका बाटलीतली घट नुसता योगायोगही असू शकते. म्हणून तीन बाटल्या समांतर चालवल्या. तिन्हींत आकडा खालीच गेला, तेव्हा ही नैसर्गिक निवड आहे असं म्हणायचं धाडस झालं. एबनीची नजर अधू असते, उजेडात नर प्रणयात मागे पडतात, हेही कारण असेल.

फ्रान्समध्ये लेरितिए आणि तेसिए यांनी 1930 च्या दशकात माश्यांचे असेच प्रयोग पिंजऱ्यांत चालवले, तेव्हा एबनी नाहीसा न होता एका पातळीवर टिकला होता. माझी सहाव्या पिढीलाच मुदत संपली. बाटल्या धुवायला घेतल्या.