आधी गुन्हा लिहा, कादंबरी नंतर

रहस्यकादंबऱ्या नुसत्या वाचून त्या लिहिता येत नाहीत, त्या उसवून बघाव्या लागतात. शेवट ठाऊक असलेली एखादी कादंबरी मी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायला बसतो. खुन्यापर्यंत नेणारा खरा दुवा दिसला की समासात ‘दु’, भलतीकडे नेणारा चकवा दिसला की ‘च’, कुणी खोटं बोललं की ‘खो’. चार-पाच कादंबऱ्या अशा उसवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते: खुनी बहुधा पहिल्या पाव भागातच येऊन गेलेला असतो, आणि येऊन नुसता उभा राहिलेला नसतो. वाचकाला त्याच्याबद्दल काहीतरी वाटावं एवढी जागा त्याला दिलेली असते.

मग स्वतःच्या लेखनाकडे. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी मी गुन्ह्याची सरळ गोष्ट लिहून काढतो, आठ-दहा पानं, खुन्याच्या बाजूने, काळाच्या क्रमाने. ही पानं कादंबरीत येत नाहीत. वाचकापुढे येतो तो तपास. गुन्ह्याची गोष्ट त्याच्या खाली असते आणि तिचे तुकडे अधूनमधून वर येतात. कोणाला, का आणि कसं मारलं हे बहुतेक जण ठरवतात. सुटतो तो प्रश्न म्हणजे ‘आजच का?’ वीस वर्षं मनात असलेला राग नेमका याच मंगळवारी का उसळला? मृत्युपत्र बदलणार होतं, जुना साक्षीदार परत आला होता, की हिशेब तपासायला माणूस यायचा होता? याचं उत्तर नसेल तर हेतू कितीही मोठा असो, शेवटी तो चिकटवल्यासारखा वाटतो.

दुसरी अट अशी की खुन्याची योजना चांगली असावी, पण तिच्यात त्याच्या हिशेबाबाहेरच्या एक-दोन गोष्टी घडाव्यात. सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं तर माग उरणारच नाही. खुन्याच्या हातून वेड्यासारखी चूक करवून घेणं मात्र मला पटत नाही. तशा चुकीमुळे पकडला गेलेला खुनी तपास करणाऱ्यालाही लहान करतो.

यानंतर वेळेचा तक्ता. गुन्ह्याच्या आगेमागे तीन-चार तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी, प्रत्येक पात्राला एक स्तंभ. निळ्या शाईने तो खरोखर कुठे होता, लाल शाईने आपण कुठे होतो असं तो म्हणतो. संशयित पाच किंवा सहा. चारपेक्षा कमी असले तर वाचक एकेक वगळत उत्तरापर्यंत जातो. सातच्या पुढे गेलं की त्याला नावंच आठवत नाहीत. नावांची पहिली अक्षरंही वेगळी ठेवावीत. सुहास, सुधीर आणि सुरेश एकाच घरात नकोत.

लाल आणि निळ्या शाईत फरक फक्त खुन्याच्या स्तंभात असेल तर कादंबरी उभीच राहणार नाही. प्रत्येक संशयिताने किमान एकदा खोटं बोलावं, आणि ते स्वतःच्या कारणासाठी. एकाला कर्ज लपवायचं असतं, दुसरीला कुणाची तरी भेट, तिसरा आपल्या भावाला वाचवत असतो, आणि भाऊ तर निर्दोषच असतो. चकवे इथूनच मिळतात. रिकाम्या घरात वाजलेली पावलं शेवटपर्यंत कुणाचीच ठरली नाहीत, तर तो चकवा नव्हे, फसवणूक. प्रत्येक चकव्याला त्याचा स्वतंत्र, खरा उलगडा हवा, आणि तो शक्यतो शेवटच्या प्रकरणाच्या आधीच मिटलेला बरा.

सगळ्यात जास्त सराव लागतो तो दुवे पेरायला. सत्तर हजार शब्दांच्या कादंबरीत मी सहा-सात मुख्य दुवे धरतो आणि त्यांतल्या तीन दुव्यांवरून खुनी गाठता यावा असं बघतो. लपवण्याच्या पद्धती तशा मोजक्याच आहेत. टेबलाच्या खणातल्या आठ वस्तूंची यादी द्यायची, महत्त्वाची वस्तू पाचवी ठेवायची आणि आठवी इतकी विचित्र द्यायची की नजर तिच्यावरच थांबेल. किंवा दुवा पुढे आला की लगेच भांडण, फोन, अपघात असं काही घडवायचं. मला सर्वांत आवडतो तो दोन तुकड्यांचा दुवा. तिसऱ्या प्रकरणात काका कुरकुरतात की चष्मा सोमवारपासून दुरुस्तीला दिलाय, अजून आला नाही, पेपरसुद्धा वाचता येत नाही. अकराव्या प्रकरणात तेच सांगतात की बुधवारी रात्री मृताच्या टेबलावरची चिठ्ठी आपण वाचली होती. दोन्ही वाक्यं उघड्यावर असतात, फक्त ती जोडायचं काम वाचकाचं. अंतर मात्र जपावं लागतं. एकाच प्रकरणात आली तर डोळ्यांत भरतात, आणि पहिलं वाक्य कुरकुरीच्या गमतीशिवाय आलं तर दुसरं येईपर्यंत ते कुणाला आठवत नाही.

शरीरशास्त्राच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. प्रेत ताठरायला साधारण दोन ते चार तासांत सुरुवात होते, बाराएक तासांत ते पूर्ण ताठ होतं आणि पुढच्या दिवसा-दीड दिवसात पुन्हा सैल पडतं. उष्णतेत हे सगळं लवकर घडतं, थंडीत उशिरा. त्यामुळे डॉक्टरने जागेवरच ‘मृत्यू नऊ वाजून दहा मिनिटांनी झाला’ असं सांगणं हास्यास्पद आहे. वेळेचा पट्टा सांगू द्या. त्या पट्ट्यातच खोट्या साक्षींना जागा मिळते. रक्त खालच्या बाजूला साकळून जे जांभळट डाग पडतात ते आठ-बारा तासांनी पक्के होतात, म्हणून पाठीवर पडलेल्या प्रेताच्या पोटावर पक्के डाग दिसले तर ते नंतर उलटवलेलं आहे. हा दुवा न बोलता खूप सांगतो. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच माणूस कोसळतो हेही खोटं. त्याला काही मिनिटं लागतात.

मधला भाग ढेपाळतो तो जबान्यांमुळे. तपास करणारा एका घरातून निघून दुसऱ्या घरी जातो, प्रश्न, उत्तर, चहा, पुढचं घर. यावर मी एकच नियम पाळतो: जबानी देणाऱ्यालाही त्या भेटीतून काहीतरी मिळवायचं असलं पाहिजे. आणि अर्ध्यावर आल्यावर, म्हणजे पस्तीस हजार शब्दांच्या आसपास, तपासाचं मूळ गृहीतकच कोसळावं. मेलेला माणूस भलताच निघतो किंवा खुनाची वेळ चुकीची ठरते. नुसता दुसरा खून घातला तर पानं वाढतात, गुंता वाढतोच असं नाही.

वाचकाशी राखायच्या प्रामाणिकपणाबद्दल इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये दहा नियम मांडले होते. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यावा, आजवर कुणालाच ठाऊक नसलेलं विष वापरू नये, जुळ्या भावंडांची कल्पना वाचकाला आधी द्यावी, असे. काही आज गमतीचे वाटतात, पण गुन्हेगार लवकर दाखवण्याचा नियम मोडून भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याच यादीत असंही आहे की ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळू दिलेत, तो गुन्हेगार नसावा. हा नियम मोडायचा असेल तर त्या पात्राच्या मनातलं प्रत्येक वाक्य शब्दशः खरं ठेवावं लागतं, आणि ते दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

पहिला खर्डा झाला की चार-पाच वाचकांना द्यावा आणि पाव, अर्ध्या आणि पाऊण भागावर थांबून संशयिताचं नाव व कारण कागदावर लिहायला सांगावं. ‘कशी वाटली’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. अर्ध्या भागावरच बहुतेकांनी खुनी ओळखला आणि कारणही बरोबर दिलं, तर एखादा दुवा फार उघडा आहे. कारण चुकलं असेल तर तो निव्वळ अंदाज, त्यासाठी काही बदलू नये. शेवट वाचूनही कुणी ‘हे कुठे सांगितलं होतं?’ विचारलं, तर उलगड्याचं भाषण लांबवू नये. मागे जाऊन चष्म्याच्या कुरकुरीसारखं एखादं वाक्य वाढवावं आणि तो खर्डा आधी न वाचलेल्या माणसाच्या हाती द्यावा.