दोन कोकरं आणि एक वळू

बेल्जियममधल्या गेंटच्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये ते कोकरू थेट माझ्याकडे बघत होतं. व्हान आइक बंधूंच्या, १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या वेदीचित्रात ते मधोमध वेदीवर उभं आहे. छातीतून रक्ताची धार निघते आणि पेल्यात पडते, पण चेहऱ्यावर वेदना नाही. अलीकडे जीर्णोद्धार करताना नंतरच्या हातांनी चढवलेला रंग काढला, तेव्हा खालून हे मूळ डोळे निघाले: समोर रोखलेले, जवळजवळ माणसाचे. हे कोकरू म्हणजे ख्रिस्त, हे कुणी सांगावं लागत नाही. वेदी, पेला, भोवती गुडघे टेकलेले देवदूत, सगळे तेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने नेदरलँड्समधल्या हेगला गेले. तिथल्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात बरीचशी गर्दी फर्मीरच्या ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ या चित्रापाशी होती. मी डच चित्रकार पाउलुस पॉटरच्या ‘वळू’पुढे जाऊन बसले. १६४७ चं चित्र, चित्रकाराचं वय जेमतेम एकवीस-बावीस. रुंदी जवळपास साडेतीन मीटर! त्या काळी एवढा कॅनव्हास लढाया नि पुराणकथांसाठी राखलेला असे. इथे त्यावर गुरं आहेत.

इथेही एक कोकरू आहे, मेंढीच्या शेजारी. कालचं डोक्यात ताजं असल्यामुळे मी लगेच ख्रिस्त शोधू लागले. पण आजूबाजूला ना पेला, ना वेदी. ते कुणाकडे रोखून बघतही नाही. जनावर प्रतीक आहे की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यांना विचारावं, असं मला त्या बाकावर पटलं. आणि इथले शेजारी कोण? जमिनीवर बेडूक, आकाशात चंडोल, वळूच्या पाठीवर घोंघावणाऱ्या माशा. पुढ्यात बसलेल्या गाईचं नाक इतकं ओलं, की हात लावावासा वाटतो. शेणाचा पोसुद्धा त्याच मायेने रंगवलाय. गुराखी मात्र झाडाआड, कडेला.

तरी अर्थ लागतोच, आणि तो चित्राबाहेरून येतो. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या राजकीय उपहासचित्रांत गाय म्हणजे नेदरलँड्स: स्पेनचा दुसरा फिलिप तिच्यावर स्वार झालेला, इंग्लंडची एलिझाबेथ तिला चारा घालतेय. हे चित्र झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १६४८ मध्ये, मुन्स्टरच्या तहात स्पेनने डच प्रजासत्ताकाचं स्वातंत्र्य मान्य केलं. मग धष्टपुष्ट, कुणीही वर न बसलेल्या या गुरांत लोकांना आपला देश दिसला, तर नवल नाही. मला हे वाचन आवडतं. फक्त ते पॉटरच्या मनात होतंच, असं मी म्हणणार नाही.

कारण त्याने सुरुवात केली ती एकट्या वळूपासून. गाय, मेंढ्या, गुराखी, सगळे मागाहून आले. त्यांच्यासाठी त्याने कॅनव्हासला पट्ट्या जोडून तो वाढवला. वळूही कुणा एका जनावरावरून काढलेला नाही, वेगवेगळ्या वयांच्या गुरांच्या अभ्यासातून जुळवलेला आहे, असं जाणकार सांगतात. हे कळल्यावर मी दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडेला धरले, बाकीचं सगळं झाकलं आणि फक्त त्याच्याकडे बघत राहिले. कपाळावरचे कुरळे केस, त्यांवर पडलेला उजेड. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हाच उठले.